मदत हवी आहे: मानेचे आणि धडाचे स्नायू पाठ आहेत, पण बोटाला सापडत नाहीत

नमस्कार. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव बीड जिल्ह्यात, कॉलेज लातूरला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. डोकं, मान आणि धड यांच्या स्नायूंत अडकले आहे.

अडचण पाठांतराची नाही. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड विचारा: उरोस्थीच्या वरच्या तुकड्यावरून आणि हासळीच्या आतल्या बाजूनं निघतो, कानामागच्या उंचवट्याला लागतो, नर्व्ह मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांतली अकरावी. झोपेतून उठवलं तरी सांगीन. पण मागच्या स्पॉटरला (टाचणी लावलेला भाग ओळखायच्या परीक्षेला) गळ्याच्या पुढच्या पट्ट्यांसारख्या स्नायूंत टाचणी होती. मी स्टर्नोहायॉइड लिहिलं, निघाला स्टर्नोथायरॉइड. वरचा थर बाजूला केलेला होता हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या डोक्यात वहीचं पान होतं, थर नव्हते.

त्याहून जास्त लागलं ते घरी. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, दिवसभर. या खेपेला आई म्हणली, "तू शिकायलीस ना, बघ बरं मानेची कोणती शीर धरली ती." मान आणि खांद्याच्या मधल्या जागेवर मी बोट ठेवलं आणि तिथंच थांबले. वरचा ट्रॅपेझिअस, की त्याच्याखालचा लेव्हेटर स्कॅप्युली? दोन्हींचं ओरिजिन (कुठून निघतो), इन्सर्शन (कुठं लागतो), नर्व्ह, ॲक्शन (काम) मला येतं. बोटाखाली काय आहे ते येत नाही. आई वाट बघत होती. "सरांना विचारून सांगते," म्हणून हात काढून घेतला.

थर बोटाला कसे कळतात, ते कुणी सांगेल का? दुसरं म्हणजे चेहऱ्याच्या आणि चावण्याच्या स्नायूंच्या नर्व्ह माझ्या सारख्या उलटसुलट होतात. जबड्याखालच्या डायगॅस्ट्रिक स्नायूला तर दोन आहेत, का ते कळत नाही. आणि पोटाच्या तीन थरांत धागे कुठल्या दिशेनं जातात हे दर वेळी विसरते.

प्रतिसाद – गोदाकाठ

बाई, मी नांदेडला फिजिओ आहे. आधी आईचं बघू.

त्यांना पालथं झोपव आणि दुखऱ्या बाजूचा हात पाठीमागे कमरेवर ठेवायला सांग. असं केलं की वरचा ट्रॅपेझिअस बराच सैल पडतो. आता फऱ्याच्या हाडाचा वरचा, मणक्याकडचा कोपरा शोध. त्याच्या किंचित वर बोट ठेवून खांदा अगदी थोडा, हलकेच उचलायला सांग. बोटाखाली दोरीसारखं जे ताणेल तो लेव्हेटर. त्याचा माग काढत मानेकडे जा, तो वरच्या चार मणक्यांच्या बाजूंना लागतो. खांदा जोरात उचलला की ट्रॅपेझिअस मधे येतो आणि काहीच कळत नाही, म्हणून "हलकेच" हा शब्द विसरू नको. ट्रॅपेझिअसला एवढी खटपट लागत नाही. मान-खांद्याच्या मधली जाड कड चिमटीत धर, तोच.

स्वतःवर रोज कर. आरशापुढे डाव्या तळहातावर डावा गाल रेटून तोंड डावीकडे वळव, उजवा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड उठून दिसेल. मग तो तोंड उलट बाजूला फिरवतो हे पाठ करावं लागणार नाही. त्याच्या मागं, हासळीच्या लगेच वर बोट ठेवून हुंगल्यासारखे छोटे छोटे श्वास घे. हलतात ते स्केलीन, मानेच्या बाजूचे खोल स्नायू. तिथं जोर लावू नको, पुढच्या आणि मधल्या स्केलीनच्या फटीतून हाताच्या नर्व्हचा जुडगा बाहेर येतो. गळ्यात कॅरोटिडची (डोक्याकडे रक्त नेणाऱ्या धमनीची) नाडी आहे, दोन्ही बाजू एकदम कधी दाबायच्या नाहीत.

आईच्या हाताला मुंग्या येतात का, हातातली वस्तू सुटते का, हे आधी विचार. तसं असेल तर बोटानं शोधत बसायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.

प्रतिसाद – जुनी खडू-फळी

परभणीचा. ॲनाटॉमी शिकवायचो. नर्व्ह पाठ करणं सोड आणि स्नायूचं माहेर विचार.

गर्भ चौथ्या आठवड्यात असताना गळ्याशी कमानी धरू लागतात. पहिल्या कमानीच्या लेकी म्हणजे चावण्याचे चारही स्नायू, मायलोहायॉइड आणि डायगॅस्ट्रिकचं पुढचं पोट (पोट म्हणजे स्नायूचा मांसल भाग, याला असे दोन). त्यांची नर्व्ह पाचवीची मॅन्डिब्युलर शाखा. दुसऱ्या कमानीचा सगळा चेहरा, स्टायलोहायॉइड आणि डायगॅस्ट्रिकचं मागचं पोट. त्यांची सातवी. एका स्नायूला दोन नर्व्ह का, ते आता आपोआप सुटलं. पुढं सासर कुठंही मिळो, नर्व्ह माहेरचीच राहते. श्वासपटलाकडे बघ. ते मानेच्या पातळीवर धरतं, मग छाती-पोटाच्या मधे उतरतं, पण फ्रेनिक नर्व्ह सी-३, ४, ५ मधूनच, म्हणजे मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या नर्व्हमधूनच, घेऊन येतं.

बहुतेकांची फसगत गालातल्या बक्सिनेटरवर होते. भाकरीचा घास गालात साठू न देता तो दाताखाली ढकलतो, म्हणून मुलं त्याला चावण्याच्या गटात टाकतात. तो चेहऱ्याचा आहे, सातवीचा. सातवी नर्व्ह गेल्यामुळे तोंड वाकडं झालेला माणूस आठव. डोळा मिटत नाही, पाणी ओठातून ओघळतं, घास गालात अडकतो. पण तो चावू शकतो, कारण मॅसेटर हा चावण्याचा स्नायू पाचवीवर आहे. असा एक पेशंट नीट पाहिला की दोन्ही गट जन्मात उलटसुलट होत नाहीत.

पोटासाठी बाजेची वीण डोळ्यापुढे आण. बाहेरचा ऑब्लिक वरून खाली आणि मध्याकडे तिरका येतो, आतला त्याला छेदून उलटा तिरका, आणि सगळ्यांत आत ट्रान्सव्हर्सस कमरेच्या करदोट्यासारखा आडवा. बरगड्यांमधल्या बाहेरच्या स्नायूंची दिशाही बाहेरच्या ऑब्लिकसारखीच.

प्रतिसाद – थर्ड इयर

गळ्याच्या पट्ट्यांसाठी आम्ही हॉस्टेलवर रंगीत रिबिनी घेतल्या. हायॉइड (जिभेखालचं गळ्यातलं हाड), थायरॉइड कूर्चा (घाटीची कूर्चा) आणि उरोस्थी पुठ्ठ्याच्या केल्या. आधी खालचा थर चिकटवायचा: उरोस्थी ते थायरॉइड एक, थायरॉइड ते हायॉइड दुसरी. मग त्या दोन्हींवरून उरोस्थी ते हायॉइड एकच लांब पट्टी. टाचणी असलेली पट्टी थायरॉइडवर संपते की पुढं जाते, एवढंच बघायचं. नाव त्यातच आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी घरी जाऊन आले. मुंग्या नाहीत, पकड चांगली आहे, हे आधी विचारलं. मग हात कमरेवर ठेवून बघितलं. दोरी सापडली! फऱ्याच्या कोपऱ्याशी दाबल्याबरोबर आई म्हणली, "हां, हितंच."

अजून एक. ऊस तोडताना वाकून वाकून तिची कंबर भरून येते. कण्याशेजारचे इरेक्टर स्पायनीचे तीन पट्टे बोटाला वेगळे लागतात का?

प्रतिसाद – गोदाकाठ

पालथं झोपून छाती जरा वर उचलायला सांग, कण्याच्या दोन्ही बाजूंना जाड पट्टे उभे राहतील. कमरेत ते एकच समज, तिथं वेगळे पाडायचा हट्ट नको. वर बरगड्यांवर गेलीस की बाहेरच्या कडेचा इलिओकॉस्टॅलिस आणि त्याच्या आतला लाँजिसिमस असा अंदाज येतो. स्पायनॅलिस काट्यांना चिकटून, बारीक. तो माझ्याही बोटाला नीट लागत नाही.