आईविना राहिलेली मांजराची तीन नवजात पिल्ले : दूध, ऊब आणि रात्रीची जागरणे यांबद्दल सल्ला हवा आहे

अर्धविराम
आमच्या जिन्याखालच्या अडगळीत व्यायलेली भटकी मांजरी काल वाहनाखाली सापडून मेली. तिला आम्ही रोज पाहत होतो, त्यामुळे मेलेली मांजरी तीच याबद्दल शंका नाही; तेव्हा ‘आई परत येईल, वाट पाहा’ हा सल्ला कृपया देऊ नये. मागे तीन पिल्ले आहेत. त्यांचे डोळे मिटलेले आहेत, कान डोक्याला चिकटलेले आहेत आणि दोघांच्या पोटाला नाळेचा वाळलेला तुकडा अजून लोंबतो आहे. सध्या ती खोक्यात, जुन्या सुती चादरीत ठेवली आहेत. घरी आम्ही दोघेच असून दिवसा एक जण घरी असतो. खर्चाची मर्यादा आधीच सांगते : दूध, बाटली आणि पशुवैद्यांची एक तपासणी एवढेच परवडणारे आहे, विजेवर चालणारे कोणतेही नवे उपकरण घेणार नाही. दूध कोणते द्यावे, रात्री किती वेळा उठावे आणि पिल्ले उबदार कशी ठेवावीत, हे कृपया सांगावे.

निशाचर
सर्वप्रथम इन्क्युबेटर घ्या. मी घेतला, आणि त्यानंतर माझ्याकडे आलेल्या एकाही पिल्लाला थंडी बाधली नाही. तापमान आणि आर्द्रता दोन्ही काचेवरच्या पडद्यावर दिसतात, रात्री मध्येच उठून हात लावून पाहावे लागत नाही. जिवाचा प्रश्न असताना खर्चाचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दूध म्हणाल तर मांजराच्या पिल्लांसाठीची जी पावडर मिळते, त्यातली सर्वांत महाग घ्यावी.

खारूताई
ताई, घाई करू नका. मांजरी कित्येकदा पिल्ले हलवताना एकेक करून नेते आणि काही तास दिसत नाही. पिल्लांभोवती जमिनीवर थोडे पीठ भुरभुरून ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. पावलांचे ठसे उमटले तर ती येऊन गेली असे समजावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूतही खरी नाही.

अर्धविराम
खारूताई, मांजरी मेलेली आहे. आम्हीच तिला पुरले.

खारूताई
क्षमस्व, मूळ लेखन घाईत वाचले गेले. तरीही पिठाची युक्ती इतर कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून प्रतिसाद तसाच राहू देते.

काळा_बोका
एवढा बाऊ करण्याचे कारण नाही. आमच्या घरी लहानपणापासून मांजरे आहेत आणि आईविना राहिलेल्या पिल्लांना आम्ही गाईचे दूध निम्मे पाणी घालून, कापसाच्या वातीने पाजत आलो. त्या काळी पावडर कुठे होती? जी जगायची ती जगली.

सूक्ष्मदर्शी
‘जी जगायची ती जगली’ या वाक्यातच उत्तर आहे, कारण जी जगली नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असते आणि स्निग्धांशही जास्त असतो. उलट दुग्धशर्करा गाईच्या दुधात अधिक असते. म्हणजे गाईचे दूध पाजले की पोट भरल्यासारखे दिसते, पण वजन वाढत नाही आणि वर जुलाब लागतात. शंभर ग्रॅमच्या जिवाला जुलाबातून गेलेले पाणी एका दिवसात पुरते खचवू शकते. त्यात निम्मे पाणी घातले तर आधीच कमी असलेले पोषण आणखी निम्म्यावर येते. शेळीचे दूध पचायला हलके असल्याचे कोणीतरी आता सांगेलच, म्हणून आधीच लिहितो की प्रथिनांची उणीव तिथेही तशीच राहते. पावडर मिळेपर्यंतचे काही तास काढायचे असतील तर पिल्लू उबदार आणि गिळण्याइतके सावध असताना कोमट ग्लुकोजच्या पाण्याचे थेंब द्यावेत, पण तो आहार नव्हे.

नवी_पालवी
शेळीचे दूध मात्र पचायला हलके असते. आमच्या शेजाऱ्यांनी तेच दिले होते.

मध्यरात्रीचा_गजर
सगळी चर्चा दुधावर चालली आहे आणि खोक्यातल्या चादरीकडे कोणी पाहिलेले नाही. ताई, पहिले काम दूध नसून ऊब आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडीने कुडकुडताही येत नाही. अंगाची उष्णता स्वतः टिकवण्याची सोय त्याच्या शरीरात अजून झालेली नसते. निरोगी नवजात पिल्लाचे तापमान ३५ ते ३६ अंश सेल्सिअस असते, मोठ्या मांजरासारखे ३८ अंशांच्या पुढे ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास जाते. तापमान ३४ अंशांच्या खाली उतरले की आतड्यांची हालचाल मंदावते, पोटात गेलेले दूध पचत नाही आणि गिळण्याची क्रियाही नीट होत नसल्याने ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून थंड पडलेले पिल्लू कितीही भुकेने ओरडत असले तरी आधी ऊब द्यावी आणि नंतरच पाजावे. तोंडात करंगळीचे टोक घालून पाहा. आतून ओठ आणि जीभ गार लागली तर दुधाची बाटली बाजूला ठेवा, पिल्लू कपड्याच्या आत अंगाशी धरा आणि तासा-दोन तासांत हळूहळू गरम होऊ द्या. एकदम शेकू नका.

यासाठी उपकरण लागत नाही. जाड काचेची किंवा प्लास्टिकची बाटली गरम पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून, टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. दुसरी बाजू मोकळी राहिलीच पाहिजे, कारण फार गरम झाले तर सरकून दूर जाण्याइतके बळ पिल्लांना असते, पण जागा नसेल तर ती भाजतात. पहिल्या आठवड्यात उबदार बाजूला ३० ते ३२ अंश पुरतात. निवलेली बाटली मात्र खोक्यात राहू देऊ नये, ती उलट पिल्लांचीच ऊब ओढून घेते. तिघे एकमेकांवर रचल्यासारखे घट्ट चिकटून रडत असतील तर थंडी आहे, पांगून तोंड उघडून पडले असतील तर उष्णता जास्त आहे, आणि सैलसर गोळा होऊन झोपले असतील तर खोके छेडू नका.

निशाचर
हेच सगळे इन्क्युबेटर आपोआप करतो, एवढेच माझे म्हणणे होते. बाटल्या बदलत बसण्यात रात्र जाते.

रिकामी_टोपली
बाटलीवर माझा अजिबात विश्वास नाही. निपलचे भोक जरा मोठे झाले की दूध धारेने येते. माझ्या जावेने पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे धरून बाटली लावली, दूध नाकातून आले, दुसऱ्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली आणि न्यूमोनियाने ते गेले. ज्यांना दाखवले त्या डॉक्टरांनी ‘इतकी लहान पिल्ले आम्ही बघत नाही’ असे सांगून दारातूनच परत पाठवले, याचा राग मला अजून आहे. मी तेव्हापासून एक मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंजच वापरते.

सूक्ष्मदर्शी
दोष बाटलीचा नव्हता, उताणे धरण्याचा होता. पिल्लू आईला पितानाही पालथेच असते. त्याला पोटावर ठेवून डोके किंचित वर धरावे आणि दूध त्याने स्वतः ओढावे. सिरिंजमध्ये उलट धोका अधिक आहे, कारण दांडी दाबणाऱ्याचा अंगठा चालतो, पिल्लाची जीभ नव्हे. निपलची परीक्षा सोपी आहे : बाटली उलटी धरून अलगद दाबल्यावर थेंब येऊन थांबला पाहिजे.

रिकामी_टोपली
ज्याचा अंगठा ताब्यात आहे त्याला सिरिंजचा धोका नाही. मला किती मिलिलिटर गेले ते अचूक कळते, बाटलीवाल्यांना अंदाज करावा लागतो.

काळा_बोका
आम्हाला ना अंगठा मोजावा लागला ना मिलिलिटर.

मध्यरात्रीचा_गजर
मोजमापाचा विषय निघालाच आहे तर ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते आणि त्याच्या पोटात एका वेळी ४ मिलिलिटरच्या आसपासच दूध मावते. दिवसाची गरज मात्र शंभर ग्रॅम वजनामागे सुमारे २० मिलिलिटर असते. तेव्हा पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजण्याला पर्याय नाही, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात अंतर तीन-चार तासांवर नेता येते आणि पुढे ते वाढत जाते. घरी दोघे आहात, तर मध्यरात्रीच्या आधीची पाळी एकाने आणि नंतरची दुसऱ्याने घ्यावी. दूध मनगटावर थेंब टाकल्यावर जेमतेम कोमट लागेल इतपत गरम असावे.

स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर रोज ठरावीक वेळी तिघांचे वजन वेगवेगळे लिहून ठेवा. दिवसाला किमान १० ग्रॅम वाढ हवी. वजन घटले किंवा चोवीस तास तिथेच राहिले, तर पशुवैद्यांची ती एक तपासणी त्याच दिवशी वापरा, कारण दिसायला पिल्लू ठणठणीत असते आणि दुसऱ्या सकाळी उठत नाही.

खारूताई
एक गोष्ट अजून कोणीच सांगितलेली नाही. या वयाच्या पिल्लांना स्वतःहून लघवी आणि शी करता येत नाही, आई चाटते तेव्हा ती होते. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्यावा आणि पाजण्याच्या आधी किंवा नंतर शेपटीखाली एका दिशेने हलकेच टिपत राहावे. चोळू नये, कातडी सोलवटते. काही क्षणांतच कापूस पिवळसर होऊ लागतो, तो कोरडा राहीपर्यंत थांबावे. लघवी जवळजवळ रंगहीन असावी. गडद पिवळी झाली तर अंगात पाणी कमी पडते आहे. शी दर वेळी होईलच असे नाही, पण झाली तर ती मोहरीच्या चटणीच्या रंगाची आणि मऊ असते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे न चुकता करावे लागते. भुकेली पिल्ले एकमेकांच्या शेपटीखाली चोखत बसतात, तिथे सूज दिसली तर त्यांना कापडाच्या आडोशाने वेगळे करा.

नवी_पालवी
आणि पिसवा असतील तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचे औषध मिळते, त्याचा एक थेंब पुरतो.

सूक्ष्मदर्शी
कृपया हे कोणीही करू नये. कुत्र्यांच्या अशा अनेक औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरांना विषारी आहे. झटके येऊन मोठे मांजरही दगावते. पिसवांनी इतक्या लहान पिल्लाचे रक्त कमी होऊन हिरड्या पांढुरक्या पडतात, हे खरे. पण त्यावर बारीक दात्यांची फणी, डोके सोडून सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने झटपट धुणे आणि लगेच पूर्ण कोरडे करणे एवढेच घरी करावे.

अर्धविराम
सर्वांचे आभार. बाटली आणि टॉवेलची व्यवस्था काल रात्रीच केली, पिल्ले आता रडत नाहीत. पावडर आली आहे. आता एक नवा प्रश्न आहे. परिचितांकडे पाळलेली मांजर याच आठवड्यात व्यायली असून तिच्यापाशी दोनच पिल्ले आहेत. तिच्याकडे ही तिन्ही सोपवावीत का?

निशाचर
मुळीच नको. परक्या वासाची पिल्ले ती मारून टाकील.

रिकामी_टोपली
भटक्या मांजरीची पिल्ले आहेत, त्यांच्यापासून तिच्या दोन पिल्लांना काय लागेल ते सांगता येत नाही. त्या परिचितांशी संबंध बिघडतील ते वेगळेच. घरीच पाजा, सिरिंजने.

मध्यरात्रीचा_गजर
मीही नकोच म्हणेन. कोणी म्हणेल की दुधातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतील, पण ती आतड्यातून रक्तात शोषली जाण्याची मुदत जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच संपते. तुमची व्यवस्था आता बसली आहे. पिल्ले हलवून ती मोडू नये.

काळा_बोका
पाच पिल्लांना एक मांजर पुरणार नाही. यापेक्षा गाईचे दूध बरे.

अर्धविराम
सर्वांचे मत वाचले आणि तरीही पिल्ले त्या मांजरीकडे दिली आहेत. आमची एक तपासणी त्यासाठीच वापरली. पशुवैद्यांनी तिन्ही पिल्ले पाहिली, पिसवा काढून घ्यायला सांगितल्या आणि मांजरीचे लसीकरण झालेले असल्याची खात्री करून घेतली. तिच्या अंथरुणाचे फडके आमच्या पिल्लांच्या अंगावरून फिरवले आणि ती बाहेर गेलेली असताना तिच्या पिल्लांच्या मधोमध ती ठेवली. परत आल्यावर तिने हुंगले, एकदा हलकेच गुरगुरली, मग सर्वांत मोठ्या पिल्लाला पंजाखाली धरून शेपटीकडून चाटू लागली. दोन पिल्ले लगेच लागली. सर्वांत लहान पिल्लाला मोठी पिल्ले ढकलून देतात आणि त्याचे वजन काल वाढलेले नाही, म्हणून ते तिच्यापाशीच ठेवून वरचे दूध त्याला दिवसातून चार वेळा मी तिथे जाऊन पाजते आहे. वजनाची वही परिचितांनी पुढे चालू ठेवली आहे.

रिकामी_टोपली
निर्णय तुमचा आहे, मी काही बोलणार नाही. लहान पिल्लाला वरचे दूध बाटलीने देता की सिरिंजने, एवढे मात्र कळवावे.

अर्धविराम
बाटलीने. पोटावर ठेवून.

नवी_पालवी
शेळीचे दूध करून पाहिले का?