गावतलावातील जलपर्णी आणि निधीचा प्रश्न

प्रश्न :
नमस्कार. आमच्या गावाला लागून असलेल्या तलावाचा निम्मा पृष्ठभाग यंदा जलपर्णीने व्यापला आहे. गेल्या उन्हाळ्यात लोकवर्गणी काढून पोकलेनने ती बाहेर काढली होती, परंतु पावसाळा सरताच ती पुन्हा पसरली. आता काही जण तणनाशक फवारण्याचा आग्रह धरीत आहेत. मात्र तलावात मासेमारी चालते आणि जनावरेही तेथेच पाणी पितात. पैसे मागावेत कोणाकडे आणि मिळाल्यास प्रथम कशावर खर्च करावेत?

उत्तर १ :
तणनाशक कृपया टाळावे. मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजते, पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात आणि तिने शोषलेले नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळून पुढच्या पिढीचे खत ठरते. अनुकूल हवामानात ही वनस्पती दोन आठवड्यांत दुप्पट होते, शिवाय तिचे बी तळाच्या गाळात १५-२० वर्षे टिकू शकते. त्यामुळे एकदाच केलेल्या सफाईवर सारा पैसा घालणे मला चुकीचे वाटते. तलावात सांडपाण्याचा ओढा येत असेल, तर पहिला रुपया तेथेच खर्च व्हावा : घरोघरी शोषखड्डे आणि ओढ्याच्या मुखाशी सांडपाणी प्रक्रियेची साधी सोय. जलपर्णी फुलावर येण्यापूर्वी काढावी. तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणीच असल्याने ती काठापासून दूर, उंचावर वाळू द्यावी, म्हणजे वाहतुकीचा खर्च पुष्कळ वाचतो.

उत्तर २ :
निधीबाबत. तलावाची मालकी ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची की जलसंपदा विभागाची, हे आधी कागदोपत्री पाहावे, कारण मालकाच्या ना-हरकतीशिवाय कोणीही पैसे देणार नाही. वित्त आयोगाच्या अनुदानातील बंधित हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठीच असतो. सांडपाण्याचे काम त्यात बसते, मात्र ते ग्रामसभेत मंजूर होऊन गावाच्या विकास आराखड्यात यावे लागते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालील सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून पर्यावरणाची कामे करता येतात. त्यासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची १२ए व ८०जी नोंदणी आणि १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक झालेली, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी हवी. कंपन्यांना यंत्र देणे सोपे वाटते. आपण मात्र देखभालीचाही खर्च आग्रहाने मागावा. सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प नियमांत बसतो.

उत्तर ३ :
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. जलपर्णी खाणारे नियोकेटिना जातीचे भुंगेरे १९८०च्या दशकात बंगळूरच्या तलावांत सोडले होते आणि तेथे त्यांचा उपयोग झाला, परंतु परिणाम दिसण्यास काही वर्षे लागतात. म्हणून मच्छीमार संस्थेला सोबत घेऊन, तिच्याच नावेतून दर आठवड्याला नवी रोपे वेचण्याची मजुरी अंदाजपत्रकात धरावी. ओढ्याच्या तोंडाशी दोर व बांबूंचा तरंगता अडसर बांधल्यास वाहून येणारी रोपे तेथेच अडतील आणि ही वेचणी बरीच सोपी होईल.