सिद्धेश्वर तलावातले डायटम : डबी आणि होडी वेगळ्या की एकच?

शेवाळवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी, एम.एस्सी. बॉटनीच्या प्रोजेक्टला डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळ) घेतलेत आणि आता डोकं धरून बसलोय. सिद्धेश्वर तलावाच्या पायरीवरचा तपकिरी बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने खरवडला, लॅबमधे हायड्रोजन पेरॉक्साइडमधे गरम केला, पाच वेळा धुतला, कव्हरस्लिपवर वाळवला आणि डीपीएक्समधे (स्लाइड कायमची चिकटवायचा पारदर्शक राळेसारखा द्रव) बसवला. आता ४० एक्सखाली बघतो तर अर्धे गायबच, नुसत्या सावल्या. आधी ताज्या थेंबात होडीसारखे, चौकोनी डबीसारखे आणि गोल बिल्ल्यासारखे असे तीन प्रकार मोजले होते, धुतल्यावर काचेच्या तुकड्यांसारखं चौथंच काहीतरी आलंय, ते पहिल्या थेंबात नव्हतंच. गाइडना विचारलं तर म्हणाले होडी दिसली की नेव्हिकुला (होडीच्या आकाराच्या डायटमची प्रजाती) लिहून टाक, व्हायवाला कोण बघतंय. असं कसं लिहू ओ? ओळखायची रीत सांगा की कुणीतरी.

बॉटनीवाले_काका
बाळा, आधी डबी आणि होडीचं भांडण मिटव. डायटमचं कवच सिलिकाचं, दोन भागांचं, एक भाग दुसऱ्यावर टोपणासारखा बसतो, म्हणून तर मराठीत करंडक म्हणतात. घरात आजीचा कुंकवाचा करंडा असेल तर वरून बघ आणि मग आडवा धरून बघ, वरून गोल दिसतो आणि बाजूनं चौकोनी. तुझी होडी म्हणजे वरून दिसणारी बाजू आणि डबी म्हणजे कमरेची बाजू, बहुतेक एकाच पेशीची. दोन्ही वेगळे मोजलेस तर यादी फुगते, मी विद्यार्थी असताना हेच केलं होतं आणि अख्खी वही परत लिहावी लागली.

खात्री करायची तर ताज्या थेंबावर कव्हरस्लिप ठेव, १० एक्सवर बघता बघताच सुईच्या टोकानं कडेला हळूच टिचकी दे. डबी लोळते आणि डोळ्यासमोर तिची होडी होते. गोल बिल्ल्याचा मधला भाग गुळगुळीत आणि कडेला जाड रेघा असतील तर सायक्लोटेला या गोल डायटमच्या बाजूनं शोध.

क्षारपीडित_ताई
पाच वेळा धुतला, पण कशानं ते लिहिलंच नाहीस. बोअरच्या पाण्यानं ना? जे पाणी बादलीला पांढरा थर चढवतं ते तुझ्या कव्हरस्लिपला सोडेल का रे! ते काचेचे तुकडे वाळताना तयार झालेले क्षाराचे खडे असणार. न बसवलेल्या एखाद्या कव्हरस्लिपवर डायल्यूट हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाक, बुडबुडे येऊन तुकडे विरघळले तर तो चुना, सिलिकाच्या कवचाला त्यानं काही होत नाही. पुढच्या वेळी गॅरेजमधे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते आण, प्रत्येक धुण्याला रात्रभर तळाला बसू दे आणि वरचं पाणी अलगद ओत. घाईत सेंट्रिफ्यूज जोरात फिरवलंस तर लांब कवचं मोडतात.

आणि गायब होण्याचं म्हणशील तर सिलिकाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.४३ च्या आसपास, डीपीएक्सचा १.५२, फरक इतका थोडा की कवच त्यात विरघळल्यासारखंच वाटतं. त्यासाठी डीपीएक्सच्या जागी नॅफ्रॅक्स वापरतात, त्याचा साधारण १.७, पण बाहेरून मागवावं लागतं आणि महाग पडतं. तोपर्यंत वाळलेली कव्हरस्लिप पालथी घालून कडा नेलपॉलिशनं बंद कर, आत हवा राहते आणि ४० एक्सला रेघा छान उठून दिसतात. कंडेन्सरचा पडदा पण थोडा बारीक कर.

शेवाळवाला_सोलापूर
ताई, बोअरचंच होतं 🙈 थेंब टाकला, फसफसलं आणि चौथा प्रकार संपला. काका, डबी लोळली! एक लोळून होडीच झाली, दुसरी मात्र चपलेच्या तळासारखी झाली, एक टोक रुंद एक निमुळतं. आणि हवेतल्या स्लाइडवर एक सडपातळ आहे, मधे रेघ नाहीच, एकाच काठाला ठिपक्यांची ओळ आहे, चादरीच्या काठाला टाके घातल्यासारखी.

स्लाइडघाशा
चपलेचा तळ म्हणजे गॉम्फोनेमा असावं, ताज्या थेंबात देठावर उभं दिसतं का बघ. मधोमध लांब रेघ आणि दोन्ही टोकं सारखी असतील तर नेव्हिकुलासारखं, पण तसे दिसणारे बरेच आहेत हां. काठाला टाके आले की नित्झ्शिया, त्याची रेघ काठाच्या कण्यावर असते आणि टाके म्हणजे तिच्याखालचे सिलिकाचे आधार. लगेच नित्झ्शिया पालिया लिहू नकोस, ती जात घाण पाण्यात तग धरते म्हणून तलावाचं नाव निघालं की सगळ्यांना तीच दिसायला लागते. तिच्या आडव्या रेघा १० मायक्रॉनमधे तीसच्या आसपास किंवा जास्तच, ४० एक्सला मोजताच येणार नाहीत. फक्त नित्झ्शिया स्पी. (म्हणजे जात नक्की केलेली नाही) लिही, व्हायवात कुणी धरणार नाही.

आणि नुसत्या लांबीवर जाऊ नकोस. विभाजनात प्रत्येक नवं कवच जुन्याच्या आत तयार होतं, त्यामुळे एका जातीतले पण पिढ्यानपिढ्या आखूड होत जातात, रुंदी आणि १० मायक्रॉनमधल्या रेघा त्या मानानं कमी बदलतात, त्याच मोज. मग सरोदे-कामतांचं १९८४ चं महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्याच्या डायटमवरचं पुस्तक लायब्ररीत शोध आणि चित्राशी नाही, मापाशी ताडून बघ.

शेवाळवाला_सोलापूर
माप घ्यायला स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली काच) लागेल आणि तो कपाटात, कपाटाची किल्ली लॅबवाल्या मामांकडे आणि मामा गड्ड्याच्या जत्रेला गेलेत. सोमवारी आकडे टाकतो.