विटांच्या जुन्या भिंतीला आतून उष्णतारोधक थर द्यावा का?

प्रश्न

मँचेस्टरमधले आमचे घर १८९० च्या सुमाराचे असून त्याच्या भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या, म्हणजे मध्ये पोकळी नसलेल्या आहेत. पश्चिमेची खोली हिवाळ्यात काही केल्या ऊब धरत नाही. ठेकेदाराने आतून १०० मिलिमीटर जाडीचे, फॉइल लावलेले फोमचे बोर्ड सुचवले आहेत. मात्र पावसाची झड आली की त्याच भिंतीवर खिडकीच्या वर ओलीचा डाग उमटतो. बोर्ड लावल्यावर ही ओल थांबेल का?

उत्तर १

थांबणार नाही, नुसती दिसेनाशी होईल आणि वाढेल. आज खोलीतली ऊब भिंतीत शिरत असल्यामुळे भिजलेल्या विटा थोड्याफार वाळतात. बोर्ड लागला की ती ऊब अलीकडेच अडते, विटा गारच राहतात आणि फॉइलमुळे ओल खोलीच्या बाजूने निघून जाण्याची वाटही बंद होते. शिवाय २० अंश तापमानाच्या व ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १२ अंश असतो. त्यामुळे विजेच्या बोर्डाभोवतीच्या फटीतून अशी हवा मागे गेली, तर गार विटेवर तिचे पाणी होते. मला खरी काळजी वाटते ती भिंतीत रुतलेल्या, जमिनीखालच्या लाकडी वाशांच्या टोकांची, कारण ती कुजू लागल्याचे वरून कळत नाही. जमिनीची कडेची एक फळी उचलून वाशाच्या टोकात पेचकस टोचून पाहा. तो सहज आत गेला, तर आधी ते काम करावे लागेल.

उत्तर २

जाडीचा मोहही आवरावा. अशा भिंतीचे यू-मूल्य (भिंतीतून उष्णता किती गळते ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) हिशेबात साधारण २.१ धरतात. फोमऐवजी ओलावा जाऊ देणारा, लाकडी तंतूंचा ४० मिलिमीटरचा फलक लावल्यास ते ०.६८ च्या आसपास येते, ६० ला ०.५१ आणि १०० ला ०.३४. म्हणजे दोन तृतीयांश गळती पहिल्या ४० मिलिमीटरमध्येच थांबते. त्यापुढे लाभ घटत जातो आणि वीट मात्र अधिकाधिक गार पडते. इंग्लंडच्या नियमांत ०.३० चे उद्दिष्ट असले, तरी ओलावा सोडणाऱ्या जुन्या बांधकामांना सवलतीची तरतूद आहे. कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, तशी लेखी विचारणा करावी. फलक चुन्याच्या गिलाव्यावर पोकळी न ठेवता चिकटवावा आणि वरही चुनाच द्यावा. खिडकीच्या कडांना पातळ फलक वळवून घ्यावा, नाहीतर बुरशी नेमकी तिथे धरते.

प्रश्नकर्ता

बाहेरच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, पूर्वी कोणीतरी सिमेंटने भरल्या आहेत. त्याने फरक पडतो का?

उत्तर १

फार पडतो. सिमेंटच्या कडेच्या बारीक भेगांतून पाणी आत जाते, पण दरजेतून परत निघत नाही. ते विटेतून निघते आणि कडाक्याच्या थंडीत विटेचा दर्शनी भाग सुटतो. हे सिमेंट छिन्नीने हळूहळू काढावे, ग्राइंडर लावू नये, आणि दरजा चुन्याने भराव्यात. डाग खिडकीच्या वर असल्याने त्याआधी पन्हळ तपासावी. चुन्याचे काम थंडी पडण्यापूर्वी संपायला हवे. भिंत वाळण्यासाठी जाडीच्या दर इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात, तेव्हा दरजा या उन्हाळ्यात आणि फलक पुढच्या वर्षी, असा क्रम ठेवा.