पूरपट्ट्यातल्या गावाचा आपत्ती आराखडा: हलायला कधी सुरुवात करायची?

नदीकाठ_शिरोळ विचारतात:

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठी गाव आहे. लोकवस्ती साधारण ३,२००, मोठी जनावरं ६०० च्या आसपास. ग्रामपंचायतीत आपत्ती आराखड्याची जाड फाईल आहे. त्यात तालुक्याचा इतिहास आहे, समितीची नावं आहेत (निम्म्यांची बदली झालीय), चक्रीवादळावर एक प्रकरणसुद्धा आहे. पाणी चढायला लागल्यावर कुणी काय करायचं ते मात्र कुठल्याच पानावर सापडत नाही. स्थलांतराबद्दल एकच ओळ आहे: 'धोका पातळी ओलांडल्यावर ग्रामस्थांना सुरक्षित स्थळी हलवावे.' पावसाळ्याआधी हे सगळं नव्यानं लिहायचं आहे. हलायला नेमकं कुठल्या पातळीला सुरुवात करावी? जनावरं सोडून लोक निघत नाहीत, त्याचं काय करायचं? आणि छावणीचा, पाण्याचा हिशोब कसा मांडायचा? जाणकारांनी सांगावं.

---

पाटबंधारे_निवृत्त:

ती ओळ आधी खोडा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे आकडे कोल्हापूरसाठी ठरवलेले आहेत. तुमच्या गावचा ओढ्यावरचा पूल त्याआधीच पाण्याखाली जात असेल, तर ४३ फुटांना हलायला निघणं म्हणजे रस्ता बंद झाल्यावर निघणं.

तुम्हाला वेगळा आकडा शोधायचा आहे. गावातून ट्रक बाहेर जाऊ शकेल असा शेवटचा रस्ता बंद होतो, तेव्हा बंधाऱ्याच्या मोजपट्टीवर किती फूट असतात? २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या खुणा घरांच्या भिंतींवर अजून असतील. लेव्हल मशीन मागवून त्या खुणा, पुलाचा माथा, शाळेचं जोतं आणि जॅकवेलच्या (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) मोटरची पातळी एकाच मापात घ्या, आणि विजेच्या खांबांवर फुटाफुटाला पट्टे रंगवा. येत्या पावसाळ्यात रोज सकाळी खांबावरची पातळी आणि बंधाऱ्यावरची पातळी शेजारी शेजारी लिहीत चला. एका हंगामात गावचं स्वतःचं कोष्टक तयार होतं.

शिरोळ तालुक्याला एकच मोजपट्टी पुरत नाही, आणि आराखड्यांत हमखास चुकतं ते इथंच. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. म्हणून कोल्हापुरात पाणी उतरतंय ही बातमी ऐकून तुमच्याकडं निर्धास्त राहता येत नाही. उदाहरण पाहा: कोल्हापुरात २०१९ पेक्षा २०२१ ची पातळी जास्त होती, ५६ फुटांपर्यंत. सांगलीत नेमकं उलट झालं. तिथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी २०१९ ला ५७ फुटांच्या वर आणि २०२१ ला ५५ च्या आसपास. म्हणून आयर्विन पुलाची पातळीही रोज लिहा (तिथं इशारा ४० फूट, धोका ४५). त्यातही एक मेख आहे. वारणा कृष्णेला मिळते ती हरिपूरला, म्हणजे आयर्विन पुलाच्या खाली. वारणेतून येणारं पाणी त्या पट्टीवर सरळ मोजलंच जात नाही. त्यासाठी वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग वेगळा बघावा लागतो.

विसर्गाच्या बातम्या वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणी आदेश देऊन उघडत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले की सुमारे १०,००० क्युसेक. त्यामुळे तिथला खरा इशारा म्हणजे धरणाची टक्केवारी, दरवाजा उघडल्याची बातमी नव्हे. दुसरं, ११,५७४ क्युसेक २४ तास वाहिले की एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं. कोयनेतून ५०,००० क्युसेक सुटत असतील तर दिवसाला ४.३ टीएमसी. पण धरणांच्या खालीही मोठं पाणलोट क्षेत्र आहे आणि तिथल्या पावसाला दरवाजा नाही. विसर्ग स्थिर असताना पातळी चढत असेल, तर पाणी तिकडून येतंय.

---

गोठा_दवाखाना:

वरच्या साहेबांनी 'कुठल्या फुटाला' ते सांगितलं. 'किती तास आधी' हे जनावरं ठरवतात. माणसं दोन-तीन तासांत निघतात, म्हशी निघत नाहीत.

जनावर वाहतुकीच्या नियमानुसार साध्या मालवाहू ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरं भरता येत नाहीत. ६०० जनावरं म्हणजे १०० खेपा. पाच ट्रक मिळाले तर प्रत्येकाला २० खेपा. चढवणं, ८-१० किलोमीटर जाणं, उतरवणं, परत येणं, असे दीड तास धरा. ३० तास झाले. रात्री पावसात म्हशी चढवायच्या नसतात, पाय मोडतात. म्हणजे दिवसाउजेडी अडीच दिवस लागणार. सगळीच गावं एकदम ट्रक मागतात तेव्हा पाच ट्रक मिळतीलच असंही नाही.

उपाय एकच: रस्ता कोरडा असताना धडधाकट जनावरं चालवत न्या. ४०० चालत गेली तर ट्रकसाठी उरतात २००, म्हणजे गाभण, नुकती व्यालेली, लहान वासरं, लंगडी. ३४ खेपा, पाच ट्रकांत साधारण एक दिवस. यासाठी आत्ताच गल्लीवार यादी करा, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासह. कुठली चालणार, कुठली ट्रकनं, कुणाच्या मळ्यात किंवा कुठल्या छावणीत. चढवायला उतार लागतो. मातीचा कायमचा धक्का बांधून ठेवला तर एका खेपेतली वीस मिनिटं वाचतात.

चाऱ्याचा हिशोब: मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते २० किलो ओला आणि ५ किलो सुका. ६०० जनावरांना रोजचा ३ टन कडबा आणि १० टन ओला चारा लागेल. ओला चारा पाण्याखाली असतो आणि ऑगस्टमध्ये कारखाने बंद, त्यामुळे उसाचं वाडंही नाही. मुरघास (मुरवून टिकवलेला हिरवा चारा) आणि कडबा उंचावर आधीच पोचला पाहिजे. पाणी जनावरामागं ५० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे रोज तीन टँकर. घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यातच टोचून घ्या. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, छावणीत गेल्यावर टोचून उपयोग होत नाही.

आणि दावणीला बांधलेलं जनावर मागं ठेवून कुणी निघत असेल, तर निदान दावं सोडायला लावा.

---

नदीकाठ_शिरोळ:

फार उपयोगी. म्हणजे रस्ता ४२ ला बंद होत असेल तर ३७-३८ ला सुरुवात करावी लागेल. आमच्याकडं एक बोट आहे. शेवटच्या लोकांसाठी तिच्यावर भरवसा ठेवावा का?

---

तहसील_कक्ष:

३७ बद्दल थोडं थांबा. ती पातळी जवळजवळ दरवर्षी येते. दर वेळी अख्खं गाव हलवलंत तर तिसऱ्या वेळी दवंडीला कुणी दारात येणार नाही. टप्पे करा, आणि प्रत्येक टप्प्याला पातळीबरोबर चढण्याचा वेगही जोडा. समजा, ३७ फूट आणि तासाला दोन इंचापेक्षा जास्त चढ असेल तर सखल गल्लीतली चालणारी जनावरं निघतील, ट्रकवाल्यांना निरोप जाईल, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवरचे आणि दिवस भरत आलेल्या बाया त्याच दिवशी बाहेर जातील. ३९ ला उरलेली जनावरं आणि धान्य. ४० ला माणसं. पातळी स्थिर असेल तर पहिल्याच टप्प्यावर थांबा. तुमचे खरे आकडे तुमच्या कोष्टकातून येतील, हे फक्त स्वरूप. प्रत्येक टप्प्यापुढं एकाच माणसाचं नाव आणि तो नसेल तर दुसऱ्याचं. 'समिती निर्णय घेईल' असं लिहिलं की मध्यरात्री कोरम जमत नाही.

बोट ही स्थलांतराची व्यवस्था नाही, राहून गेलेल्यांना काढायची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, ती क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्यानं. बोटीच्या दोन्ही बाजूंना क्षमतेचा आकडा मोठ्या अक्षरात रंगवा, आणि त्यापुढं एकही माणूस चढला तर नावाड्यानं इंजिन चालू करायचं नाही, हा अधिकार लेखी द्या. लाइफ जॅकेट जितकी, तितकीच माणसं. उसात आणि तुटलेल्या तारांत पंखा अडकतो, म्हणून मार्ग आधी ठरवून बांबूनं खुणावून ठेवा. जादा शिअर पिन (पंखा अडकला की तुटणारी खीळ), स्पार्क प्लग आणि तेल मिसळलेलं पेट्रोल बोटीतच हवं. महावितरणच्या कर्मचाऱ्यानं वाहिनी बंद असल्याचं स्पष्ट सांगितल्याशिवाय बोट तारांखालून जाता कामा नये. पाणी वीस फूट चढल्यावर तारा डोक्याला लागतात.

एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) जिल्हाधिकाऱ्यांमार्फत येतं. त्यांची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते आणि २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीपाशी बंद होता. पहिले दोन दिवस कुणी येणार नाही असं धरून आराखडा लिहा. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ वर आहे, पण वीज गेल्यावर मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत संपते. देवळाचा भोंगा बॅटरीवर चालवता येईल अशी सोय करा आणि गल्लीगणिक निरोप्या नेमा.

छावणीबद्दल: राष्ट्रीय निकषात माणशी ३.५ चौरस मीटर छत, ३० जणांमागं एक शौचालय, माणशी रोज किमान ३ लिटर पिण्याचं पाणी आहे. २० बाय २० फुटांच्या वर्गात १० माणसं बसतात. आराखड्यांत सर्रास ४० लिहिलेली असतात. निम्मे लोक पाहुण्यांकडं जातात असं धरलं तरी तुमच्या गावाला १६० वर्गखोल्या झाल्या. त्या एका शाळेत नाहीत. मंगल कार्यालयं आणि साखर कारखान्याची गोदामं यांची संमतीपत्रं आत्ताच घ्या, चावी कुणाकडं असते त्या नावासकट.

---

जलसुरक्षक_२:

पाण्याचं एवढंच. जॅकवेल बुडाली की योजना बंद, म्हणून मोटर आणि स्टार्टर काढून वर नेण्याचं काम ठरावीक फुटाला बांधून द्या. चेनपुली आणि फिटर दोन्ही आधी ठरवा. बुडालेली मोटर वाळवून, वाइंडिंग तपासून परत बसेपर्यंत आठवडा जातो.

पूर ओसरल्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. गढूळ पाण्याला लिटरला २ मिलीग्रॅम धरलं, तर ५०,००० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३०० ग्रॅम पावडर. पोतं उघडं राहून २५ टक्क्यांवर आलं असेल तर ४०० ग्रॅम. २० टक्क्यांखालची वापरू नका. आधी तुरटीनं गाळ बसवा, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्च होतं. पावडर बादलीत कालवून, निवळू देऊन फक्त वरचं पाणी टाकीत ओता. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून दाखवणारी तपासणी) घ्या. टाकीपाशी रंग पिवळा येतोच, खरी तपासणी शेवटच्या नळाला. तिथं लिटरला ०.५ मिलीग्रॅम क्लोरीन मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर बहुतेक वेळा वाटेत पाइप फुटलेला असतो. डोस वाढवत बसू नका, आधी तो शोधा.