जुनी ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय: साध्या एसीच्या जागी क्लायमेट्रॉनिक बसवताना नक्की काय काय बदलावं लागतं?

शेंद्रा_टीडीआय:

नमस्कार मंडळी. गाडी पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया, म्हणजे १यू, १.९ टीडीआय, २००६ची. साधा एसी आहे, तीन गोल नॉबवाला. भंगारात निघालेल्या क्लायमेट्रॉनिकवाल्या (आपोआप तापमान सांभाळणाऱ्या एसीच्या) ऑक्टाव्हियाचं डिस्प्लेवालं पॅनल आणि त्यामागचा वायरिंगचा तुकडा मिळतो आहे. प्रश्न असे:

१. फक्त पॅनल आणि सेन्सर आणून काम भागेल का? की डॅशबोर्डमागचा अख्खा एसी बॉक्स बदलावा लागेल?
२. कॉम्प्रेसर तोच चालेल का?
३. कोडिंग व्हीसीडीएसने (गाडीची इलेक्ट्रॉनिक युनिट तपासायच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने) घरी करता येतं का?

सध्याची अवस्थाही सांगतो. ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनवर बंद. टेंपरेचरचा नॉब निळ्याकडून मधोमध आणला तरी हवेत फारसा फरक पडत नाही. जाळीतून कधीकधी पिवळट भुगा उडतो.

---

हवेची_पेटी:

पॅनल हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. खरं काम बॉक्सचं. कारण सांगतो.

फ्लॅप म्हणजे बॉक्समधल्या हवेची वाट बदलणाऱ्या झडपा. तुमच्या बॉक्समधले टेंपरेचरचा फ्लॅप, मधला फ्लॅप आणि पाय-काचेचा फ्लॅप नॉबमागून येणाऱ्या केबलनी फिरतात. मोटर आहे ती फक्त आतली-बाहेरची हवा बदलणाऱ्या फ्लॅपला. क्लायमेट्रॉनिकमध्ये चारही मोटरवर असतात (व्ही, एन, जे, जी ही सर्किट डायग्राममधली भागांची खूण): व्ही६८ टेंपरेचर, व्ही७० मधला, व्ही८५ पाय आणि काच, व्ही७१ ताजी हवा. प्रत्येक मोटरच्या पोटात एक पोटेन्शिओमीटर असतो. फ्लॅप नेमका कुठे आहे हे पॅनलला त्यावरून कळतं. केबलवाल्या बॉक्सवर या मोटर बसवायच्या जागा आणि त्यांच्या लिंका नसतात. पट्टी वाकवून, स्क्रू मारून मोटर बसवली तर ती थोडी तिरपी राहते, फ्लॅप शेवटपर्यंत जात नाही आणि पॅनल ‘मोटर अडकली’ असा फॉल्ट नोंदवून त्या फ्लॅपचा नाद सोडतं. म्हणून बॉक्स अख्खाच घ्या, मोटर आणि लिंका जागेवर असलेला.

बॉक्स घेताना एक गोष्ट पक्की बघा: तो उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचाच हवा. जर्मनी-पोलंडकडून येणारे स्वस्त बॉक्स डाव्या स्टिअरिंगचे असतात, ते इथे बसणार नाहीत. भारतातली किंवा ब्रिटनमधली गाडी शोधा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीत मायापुरीला अख्खी गाडी तुटत असेल तर उत्तम, कारण पॅनल, त्याभोवतीची ट्रिम, बॉक्स, सगळे सेन्सर आणि कनेक्टरसकट वायरिंग एकाच गाडीचं मिळतं. वायर कनेक्टरपासून किमान २०-२५ सेंमी लांब कापून घ्या. पॅनलच्या तोंडाशी कापलेली वायर म्हणजे पुढच्या आठ दिवसांची डोकेदुखी.

तुमच्या तक्रारींचंही कोडं इथेच सुटतं. ब्लोअर फक्त चारवर चालणं म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणाऱ्या रेझिस्टन्सचा, एन२४चा, थर्मल फ्यूज उडालेला. चारवर रेझिस्टन्स वगळून थेट करंट जातो, म्हणून तेवढा एकच स्पीड जिवंत. पिवळट भुगा म्हणजे फ्लॅपवरचा फोम. या प्लॅटफॉर्मच्या गाड्यांचा हा ठरलेला रोग आहे, फोक्सवॅगन गोल्फ फोरमध्येही हेच होतं. फ्लॅपच्या पत्र्याला भोकं असतात आणि वर फोम चिकटवलेला असतो. वयाने फोमची भुकटी होते, भोकं उघडी पडतात आणि फ्लॅप बंद असूनही गरम-गार हवा त्यातून आरपार जाते. म्हणून नॉब फिरवून फरक पडत नाही.

आणि म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं: भंगारातून आलेल्या बॉक्सचा फोमही तितकाच जुना आहे. तो तसाच बसवलात तर क्लायमेट्रॉनिक २३ अंश मागेल, फ्लॅप बरोबर जागी जाईल आणि हवा मात्र चुकीची येईल. बॉक्स टेबलावर उघडा असतानाच जुना फोम खरवडून काढा, पत्रा थिनरने पुसा आणि भोकांवर जाड अ‍ॅल्युमिनियम टेप दोन्ही बाजूंनी चिकटवा. कडेला ३-४ मिमीची बंद पेशींची फोमपट्टी लावा, म्हणजे फ्लॅप बसताना टकटक होणार नाही. पट्टी जाड झाली तर फ्लॅप टोकाला पोचत नाही आणि कॅलिब्रेशन फसतं. हाताने फिरवून दोन्ही टोकं बघितल्याशिवाय बॉक्स बंद करू नका.

हीटर कोअर (हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) याच वेळी नवा टाका, कूलिंग कॉइल (हवा गार करणारी) धुऊन नायट्रोजनने दाब देऊन तपासा. दोन्ही वस्तूंसाठी पुन्हा डॅशबोर्ड उतरवायची वेळ येऊ नये.

कॉम्प्रेसर तोच राहतो. त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा-सोडणारा एन२५ क्लचही तोच. ‘चालू कर’ ही मागणी आता बटणाऐवजी पॅनलकडून फॅन कंट्रोल युनिटला, जे२९३ला, जाते. त्यामुळे गाडीतलं मूळ जे२९३ आणि क्लायमेट्रॉनिकवाल्या गाडीतलं, दोन्हींचे पार्ट नंबर आणि पिना ताडून बघा. शक्यतो त्याच गाडीतलं उचला.

---

वायरिंग_नाशिक:

वरचं सगळं बरोबर. वायरिंगचं मी लिहितो, कारण नव्वद टक्के फसलेली कामं तिथेच फसतात.

ब्लोअरपासून सुरुवात. आधी करंट नॉबच्या स्विचमधून रेझिस्टन्सला जात होता. आता तो फ्यूजमधून थेट जे१२६ या ब्लोअर कंट्रोलरला द्यायचा आणि पॅनलकडून जे१२६ला फक्त बारीक सिग्नल वायर जाते. फ्यूज २५ अँपिअर, वायर ४ चौ. मिमी, अर्थची (निगेटिव्हची) वायरही तेवढ्याच जाडीची. नॉबमागच्या जुन्या स्विचच्या वायरला जोडून मोकळे झालात तर तिथला जळका कनेक्टर सर्किटमध्येच राहतो.

जे१२६ हवेच्या वाटेतच बसला पाहिजे, त्याचा हीटसिंक ब्लोअरच्या हवेने थंड होतो. त्याला जास्त त्रास फुल स्पीडवर नाही, मधल्या स्पीडवर होतो. मोटरला ६ व्होल्ट आणि ८ अँपिअर जात असतील तर उरलेल्या ६-७ व्होल्टची उष्णता, म्हणजे ५० वॉटच्या आसपास, त्याच्या अंगावर पडते. पोलन फिल्टर चोंदलेला असेल तर हवा कमी आणि कंट्रोलर तापलेला. जुना ब्लोअर घासत फिरत असेल तर तोच ब्लोअर नवा कंट्रोलर जाळतो. क्लॅम्प मीटर लावून फुल स्पीडचा करंट बघा. २० अँपिअरच्या पुढे जात असेल तर आधी ब्लोअर बदला.

पॅनलला लागणारे सप्लाय (आकडे म्हणजे टर्मिनलचे नंबर): ३० कायम, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५८डी दिव्यांचा डिमर. शिवाय गाडीचा वेग, इंजिनाचे आरपीएम आणि गाडी किती वेळ उभी होती हा सिग्नल. हा शेवटचा लोक हमखास सोडून देतात. तो नसेल तर पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबून निघालात की बंपरमागचा सेन्सर तापलेल्या रेडिएटरची हवा वाचतो आणि पॅनलला बाहेर ४५ अंश वाटतात.

सेन्सर पाच. जी१७ बाहेरच्या हवेचा, पुढच्या बंपरच्या मागे. जी८९ ताज्या हवेच्या तोंडाशी. जी१०७ उन्हाचा, डॅशबोर्डवर काचेजवळ. जी५६ आतल्या हवेचा, पॅनलमध्येच छोट्या पंख्यासह. जी१९२ पायाकडच्या वाटेत, बॉक्सवर. जी१७ आणि जी८९ यांपैकी कमी आकडा पॅनल खरा मानतं, कारण सेन्सरला फसवणारी उष्णता आकडा नेहमी वरच नेते.

दोन चुका टाळा. पहिली, सेन्सरचा अर्थ बॉडीला देऊ नका, पॅनलच्या सेन्सर-अर्थच्या पिनेलाच परत आणा. ब्लोअर फुल झाला की बॉडीच्या अर्थवर ०.१-०.२ व्होल्टचा फरक पडतो, टेंपरेचरचा आकडा उडी मारतो, पॅनल ब्लोअर कमी करतं, आकडा परत जागेवर येतो, पुन्हा ब्लोअर वाढतो. ब्लोअर असा श्वास घेतल्यासारखा वरखाली होत असेल तर अर्थ तपासा, पॅनल बदलू नका. दुसरी, एकच थर्मिस्टर (टेंपरेचरचा सेन्सर) डॅशबोर्डचा मीटर आणि पॅनल या दोघांना समांतर जोडू नका. दोन्ही युनिट आपापला व्होल्टेज देतात आणि दोघांनाही चुकीचा आकडा मिळतो.

वायरच्या रंगावर जाऊ नका, पिनांच्या नंबरवर जा. तुमच्या वर्षाचा आणि इंजिनाचा सर्किट डायग्राम छापून घ्या, प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासून खूण करा. जोड क्रिंप करून श्रिंक ट्यूबमध्ये, वर कापडी टेप. काळी चिकट टेप उन्हात वितळते.

---

कोकण_१०१:

दादा, एक विचारू? खर्च आणि तीन-चार दिवसांचं डॅशबोर्ड उघडणं बघता, साध्या एसीलाच टेंपरेचर फ्लॅपवर एक सर्वो आणि बाजारात मिळणारा थर्मोस्टॅट लावला तर? एसी बॉक्सला हात नको.

---

हवेची_पेटी:

चालतं, पण त्याला ऑटोमॅटिक म्हणता येत नाही. केबिन बदलायला काही मिनिटं लागतात आणि साधा थर्मोस्टॅट तेवढ्यात फ्लॅप एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेतो. आधी गारठा, मग उकाडा. क्लायमेट्रॉनिक ऊन वाढल्याबरोबर, केबिन तापायच्या आत, ब्लोअर वाढवतं. जी१०७ त्यासाठीच असतो.

पैसे वाचवायचे असतील तर त्यापेक्षा नवा रेझिस्टन्स टाका, फ्लॅपची भोकं टेपने बुजवा आणि केबलचं क्लिप पुन्हा बसवा: नॉब पूर्ण निळ्यावर, फ्लॅप पूर्ण गारवर ढकलून धरायचा आणि मग क्लिप दाबायची. साधा एसीसुद्धा नव्यासारखा वागतो. फोमचा रोग बरा न करता कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स लावण्यात अर्थ नाही, हे माझं ठाम मत आहे.

---

शेंद्रा_टीडीआय:

बॉक्ससकटच करायचं ठरवतो. गॅस, कूलंट आणि शेवटचं कॅलिब्रेशन यांचा क्रम सांगाल का? आणि आधीच्या कुणीतरी हीटरचे पाइप बायपास केलेले दिसताहेत.

---

हवेची_पेटी:

बायपास आधी काढा. आपल्याकडे ‘हीटर कशाला हवा’ म्हणून हे सर्रास करतात. पण क्लायमेट्रॉनिक कूलिंग कॉइलवरून हवा खूप गार आणि कोरडी करून घेतं आणि मग हीटर कोअरवरून जाणारी थोडी गरम हवा मिसळून हवा तो आकडा गाठतं. हीटरमध्ये पाणी फिरतच नसेल तर २५ मागा नाहीतर २९, हवा गारच येणार. नळाचं पाणी भरलेल्या गाडीत कोअर क्षाराने चोंदलेला असतो, तोच प्रकार. म्हणून नवा कोअर, आणि जी१२ कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. जुन्या हिरव्यात मिसळू नका, आधी फ्लश करा.

क्रम असा. गॅस मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका. कूलंट काढा. बॅटरीची निगेटिव्ह सोडा, एअरबॅगच्या कनेक्टरला हात लावण्यापूर्वी काही मिनिटं थांबा आणि त्यानंतर डॅशबोर्ड पूर्ण होईपर्यंत इग्निशन देऊ नका, नाहीतर एअरबॅगचा फॉल्ट बसतो. पाइप सुटल्याक्षणी दोन्ही तोंडं बुचांनी बंद करा. कॉम्प्रेसरचं पीएजी ऑइल हवेतली ओल शोषतं, पावसाळ्यात तर तासाभरातच. सिस्टीम उघडली म्हणजे ड्रायर (गॅसमधली ओल टिपणारा) नवा आणि ओ-रिंग (जोडातल्या रबरी रिंगा) नव्या, आर१३४ए गॅसला चालणाऱ्या. बॉक्स बसवताना पाण्याच्या निचऱ्याची नळी बाहेर आली आहे ना बघा, डॅश लागल्यावर ती हाताला लागत नाही.

मग व्हॅक्युम किमान ३० मिनिटं, पंप बंद करून अर्धा तास काटा हलत नाही ना बघायचं. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या वजनाने भरा, काट्याच्या अंदाजाने नाही.

---

वायरिंग_नाशिक:

कॅलिब्रेशनपूर्वी, बॉक्स गाडीत बसवायच्या आधी, मोटरची एक चाचणी करा. बॉक्स, पॅनल आणि मोटर जोडा. एअरबॅगचं काय, हा प्रश्न येईल: त्यासाठी बॉक्स टेबलावर ठेवून पॅनलला बाहेरून १२ व्होल्ट द्या, मोटर हलताना डोळ्यांनी बघा. अर्धी दुखणी इथेच सापडतात.

गाडीत लावल्यावर व्हीसीडीएसमध्ये ०८, ऑटो एचव्हीएसी (म्हणजे एसीचं पॅनल) उघडा. मूळ गाडी तुटण्याआधी तिच्या पॅनलचं कोडिंग लिहून घेतलं असेल तर उत्तम, कारण त्यात गाडीची माहिती असते. इंजिन वेगळं असेल तर ते तसंच्या तसं टाकू नका. फॉल्ट पुसा आणि बेसिक सेटिंग, म्हणजे कॅलिब्रेशन, चालवा. चारही मोटर दोन्ही टोकांपर्यंत जाऊन परत येतात आणि पॅनल ती टोकं लक्षात ठेवतं. इग्निशन दिल्यावर डिस्प्ले लुकलुकत राहिला तर फॉल्ट अजून आहे. मोटर फॉल्ट एकाच बाजूच्या टोकाला येत असेल तर फोमपट्टी जाड झाली आहे. दोन्हीकडे येत असेल तर पोटेन्शिओमीटरची वायर बघा.

कॉम्प्रेसर लागत नसेल तर व्हीसीडीएसमध्ये मेझरिंग ब्लॉक (युनिटचे चालू आकडे) ००१चा पहिला आकडा वाचा. शून्य म्हणजे पॅनल कॉम्प्रेसर चालू ठेवतं आहे, दोष पुढे जे२९३ किंवा क्लचमध्ये. शून्य नसेल तर पॅनलनेच तो अडवला आहे आणि कारण त्या आकड्यात आहे. तत्पूर्वी कॉम्प्रेसर बंद करणारं इकॉन बटण दाबलेलं नाही ना, एवढं बघा.

सेन्सर तपासायला जी१७ बर्फाच्या पाण्यात बुडवा, ब्लॉकमध्ये शून्याच्या जवळ यायला हवा. जी१०७ला ट्यूबलाइट किंवा एलईडी दाखवून उपयोग नाही, ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब जवळ धरा नाहीतर गाडी उन्हात काढा. जी५६चा पंखा फिरतो का हे जाळीवर टिश्यूचा कपटा धरून कळतं, तो हलकेच चिकटला पाहिजे. पंखा बंद असेल तर सेन्सर पॅनलचीच उष्णता वाचतो आणि २४ लावलं तरी गाडीत थंडी वाजते. त्या जाळीपुढे मोबाइलचा स्टँड लावू नका.

शेवटची चाचणी एलओ (सगळ्यात गार) किंवा एचआयवर (सगळ्यात गरम) करू नका. त्या दोन्ही जागांवर फ्लॅप टोकाला असतो, नियंत्रण होतच नाही. २४ लावा, ऑटो दाबा, अर्धा तास गाडी चालवा आणि मग थेट २२ करा. ब्लोअर थोडा वाढून पुन्हा शांत झाला तर काम झालं.