गाणं सोडून पूर्णवेळ समाजकामात पडू का?

गोदाकाठ: बरीच वर्षं ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या सीझनवर घर चालतंय, नाशिकरोडला राहतो. पण आता जीव सगळा पेठ-सुरगाण्याकडे लागलाय, पावसाळ्यात तिथे धो धो पडतो आणि एप्रिल-मेत बायका हंडाभर पाण्यासाठी वणवण फिरतात, ते बघून स्टेजवर उभं राहवत नाही. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करावं लागेल का?

सिन्नरवाला: गाणं सोडू नकोस रे! लोककवी वामनदादा कर्डक आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, त्यांनी गावोगाव गाऊनच आंबेडकरी चळवळ पोचवली, गाणं हेच काम होतं त्यांचं. फक्त पैसे गोळा करणार असशील तर कागदपत्रं आधी कर. १९७१ ला सतारवादक रविशंकर आणि बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसननी बांगलादेशी निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला एवढा मोठा कार्यक्रम केला, पण टॅक्सच्या भानगडीत बराच निधी कित्येक वर्षं अडकून पडला.

डोंगरपाडा: एमएसडब्ल्यू नोकरीसाठी लागतं, पाड्यावर बसायला नाही लागत. आधी तिथे काम करणाऱ्या संस्थेसोबत एक उन्हाळा काढा, लगेच स्वतःचा ट्रस्ट नको. पेठ आणि सुरगाणा दोन्ही तालुके पेसाखाली (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) येतात, म्हणजे ग्रामसभेला खरा अधिकार आहे, तर ग्रामसभेत जाऊन नुसतं ऐका, पाणी कुठं मुरतं आणि टाकी का कोरडी ते बायकाच नीट सांगतात. घरखर्चासाठी लग्नाचा सीझन चालू ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

गोदाकाठ: दोघांचे मनापासून आभार. डोंगरपाडा, सुरगाण्यात कुणाशी बोलू ते मेसेजमध्ये सांगाल का?